केवड्याची सृष्टी कोणती?

नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या सुमाराच्या गोडी छाटणीने घड काढायचा. गोडी छाटणीनंतरचे दिवस बागायतदाराच्या जिवाला घोर लावणारे असतात. फूट कोवळी, घड नुकते दिसू लागलेले, आणि परतीचा पाऊस कधी रेंगाळेल याचा नेम नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो असाच रेंगाळला आणि जिल्ह्यातल्या कितीतरी बागा हातच्या गेल्या. पाऊस लांबला की पहिली धास्ती असते ती एका रोगाची. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या अंगाला कापसासारखी पांढरी लव. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याचे नाव 'केवडा'. दारणाकाठापासून दिंडोरी-निफाडपर्यंतच्या बागांत मात्र सगळे त्याला 'डावणी' म्हणतात. इंग्रजी 'डाउनी मिल्ड्यू' आमच्या मळ्यांत रुळून असे झाले आहे. दुसरा मोठा रोग म्हणजे भुरी. पानावर, काडीवर, मण्यांवर राखेसारखी पूड धरते, म्हणून भुरी.

पत्रकांत, औषधांच्या बाटल्यांवर आणि सल्ल्यांत हे दोन्ही 'बुरशीजन्य रोग' आहेत आणि दोन्हींवरच्या औषधांना 'बुरशीनाशक' हाच शब्द आहे. आजचे जीवशास्त्र मात्र वेगळे सांगते. भुरी ही खरीखुरी बुरशी. डावणीचा जीव, प्लाझ्मोपॅरा विटिकोला, हा बुरशी नाहीच. त्याचे नातेवाईक समुद्रातली तपकिरी शैवाले आणि काचेच्या डबीत राहणारे डायटम. नात्याची उतरंड मांडली तर भुरी डावणीला जितकी जवळ, त्याहून ती आपल्याला, म्हणजे माणसाला, अधिक जवळ निघते.

सजीवांची सृष्टींत विभागणी हा शाळेत पाठ करायचा आणि परीक्षेनंतर विसरायचा विषय, अशी आपली समजूत असते. एकाच जीवाने दीडशे वर्षांत वनस्पतीतून कवकांत आणि कवकांतून तिसरीकडेच कसा मुक्काम हलवला, आणि त्याचा हिशेब शेतकऱ्याच्या खिशाशी व रुग्णाच्या डोळ्याशी कसा येऊन भिडतो, हे या लेखात पाहायचे आहे. या प्रवासात मराठी मुलखातल्या संशोधकांचा वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

खाणी आणि राज्ये

जिवांची वर्गवारी आपल्याकडे नवी नाही. जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज अशा चार खाणी आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी ही मांडणी कीर्तनांतून घरोघरी पोचलेली आहे. नाशिकजवळच्या टाकळीला तपश्चर्या केलेल्या रामदासांच्या दासबोधातही ती येते. तिची कसोटी स्पष्ट आहे: जीव जन्मतो कसा? वारेतून, अंड्यातून, घामओलीतून की जमीन फोडून? यातली स्वेदज ही खाण विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ज्यांचा जन्म डोळ्यांना दिसत नाही, जे ओल आणि उबेतून 'आपोआप' उगवल्यासारखे भासतात, त्यांच्यासाठी ती राखून ठेवलेली जागा होती. जुन्या वर्गीकरणांत अशी एक अडगळीची खोली असतेच.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ मध्ये 'सिस्टिमा नॅचुरी' प्रसिद्ध केले तेव्हा निसर्गाची तीन राज्ये केली: खनिजे, वनस्पती आणि प्राणी. त्याचा लॅटिन शब्द 'राज्य' याच अर्थाचा होता. मराठीने तो जसाच्या तसा न घेता 'सृष्टी' हा शब्द पत्करला. प्राणिसृष्टी, वनस्पतिसृष्टी हे शब्द आपल्याला इतके सवयीचे झाले की १९२८ साली पुण्यात विज्ञानाचे मासिक निघाले त्याचे नावच 'सृष्टिज्ञान' होते. राज्याला सीमा असते आणि सीमेवर वाद असतात. सृष्टी म्हटले की सारे आधीपासून ठरलेले वाटते. पुढची कथा ऐकताना 'राज्य' हा मूळ अर्थ ध्यानात ठेवलेला बरा.

लिनियसच्या या राज्यांत बुरशा आणि भूछत्रे वनस्पतींकडे गेली. ती हलत नाहीत, जमिनीतून उगवतात, एवढा पुरावा पुरेसा होता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या वळवळत्या जिवांचे काय करावे हे त्यालाही उमगेना. १७६७ च्या आवृत्तीत त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याने कृमींच्या वर्गात एका प्रजातीत कोंबले आणि तिचे नाव ठेवले 'केऑस', म्हणजे गोंधळ. त्याची अडगळीची खोली ती.

मोरचुदाची वेल

डावणी मूळची उत्तर अमेरिकेतली. फिलॉक्सेरा या किडीने युरोपातल्या बागा पोखरल्या म्हणून तिला तोंड देणारे अमेरिकी खुंट आणले गेले, आणि त्यांच्याबरोबर डावणीही आली. १८७८ मध्ये ती फ्रान्समध्ये आढळली. १८८२ साली बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक मियार्दे यांना मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार दिसल्या. आतल्या वेलींची पाने मात्र गळून गेली होती. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्यावर प्रयोग करून मियार्दे यांनी १८८५ मध्ये जे मिश्रण जाहीर केले ते आपले बोर्डो मिश्रण. आजही आपल्याकडे मोरचूद-चुन्याचे ते मिश्रण बागेत पडते. कोकणात आणि कानडी मुलखात सुपारीच्या कोळेरोगावरही तेच. लेस्ली कोलमन यांनी म्हैसूर संस्थानात या कोळेरोगाचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याचा जीवही डावणीच्याच गोतावळ्यातला, आणि १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा कुजवून दुष्काळ आणणारा करपाही.

या गोतावळ्यात काहीतरी वेगळे आहे, हे त्या काळच्या चांगल्या निरीक्षकांना जाणवले होते. जर्मन शास्त्रज्ञ प्रिंग्सहाइम यांनी १८५० च्या दशकातच दाखवले की पाण्यातल्या अशा काही 'बुरशां'चे प्रजनन व्हॉचेरिया नावाच्या शैवालाशी मिळतेजुळते आहे. म्हणून या गटाला फायकोमायसिटीस असे नाव पडले. मराठीत सांगायचे तर शैवल-कवके. सगळे उत्तर त्या नावात होते. पण शैवाले आणि कवके दोन्ही वनस्पतिसृष्टीतच असल्यामुळे त्या साम्यावरून कोणाला घर बदलावे लागले नाही. शैवालाचे हरितद्रव्य गेले आणि कवक झाले, असे म्हणून भागत होते.

पोहणारे आणि न पोहणारे

बाजरीच्या शेतात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा जटांसारखा झुपका आला की आपल्याकडे 'गोसावी' पडला म्हणतात. हाही एक केवडाच. ज्वारीवरही तसाच रोग पडतो. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातले संशोधक जी. एस. कुलकर्णी यांनी या दोन्हींचा अभ्यास केला आणि १९१३ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या शेतकी खात्याच्या शोधपत्रिकेत निबंध लिहिला. तोवर दोन्ही रोगांचा जीव एकच मानला जाई. कुलकर्ण्यांनी ज्वारीवरच्या जिवाला निराळा प्रकार ठरवले. बाजरीवरच्या जिवाची बीजुके पाण्याच्या थेंबात फुटतात आणि त्यांतून पोहणारे चर बीजाणू बाहेर पडतात. ज्वारीवरच्या जिवाची बीजुके पोहणारे बीजाणू सोडत नाहीत, सरळ अंकुरनळी काढतात. याच भेदावर पुढे १९३२ मध्ये अमेरिकेचे वेस्टन आणि पुण्याचे बी. एन. उप्पल यांनी ज्वारीच्या केवड्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. 

सूक्ष्मदर्शक, पाण्याचा थेंब आणि चिकाटी यांवर केलेले हे निरीक्षण आजच्या दृष्टीने मोलाचे आहे. कोण पोहते आणि कोण पोहत नाही, पोहणाऱ्याला किती शेपट्या आणि कशा, हाच प्रश्न पुढे सृष्टींची सीमा ठरवताना निर्णायक ठरला. केवड्याच्या गटातल्या चर बीजाणूला दोन कशाभिका असतात. एक गुळगुळीत आणि एक बारीक केसांची झालर असलेली. अशी झालर खऱ्या बुरशीत कुठेही आढळत नाही. तपकिरी शैवालात आढळते.

कुलकर्ण्यांच्या काळी मात्र सृष्टीचा प्रश्न कोणी काढला नाही. उप्पल, एम. के. पटेल आणि एम. एन. कामत यांची 'द फंजाय ऑफ बॉम्बे' ही मुंबई इलाख्यातल्या कवकांची सूची १९३५ मध्ये निघाली तेव्हा जगभरच्या रिवाजाप्रमाणे शैवल-कवके हा कवकांचाच एक वर्ग होता, आणि कवकशास्त्र ही वनस्पतिशास्त्राची एक फांदी होती. कामतांनी पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत कवकशास्त्राची परंपरा रुजवली. आपल्या महाविद्यालयांत कवके आजही वनस्पतिशास्त्राच्याच विभागात शिकवतात.

गोसाव्याने आपला हिसका नंतर दाखवला. १९६५ पासून बाजरीची संकरित वाणे आली, उत्पादन वाढले आणि देशभर एकाच मादी वाणाची, अमेरिकेतल्या टिफ्टनहून आलेल्या 'टिफ्ट २३ ए'ची, संतती पेरली जाऊ लागली. केवड्यापुढे ती टिकणारी नव्हती. १९७१ मध्ये साथ आली आणि बाजरीचे पीक झोपले.

तीन, चार, पाच

वनस्पती की प्राणी, या दोन राज्यांच्या सीमेवरची माणसे मोजता मोजता युरोपातले शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकातच थकले होते. १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेल यांनी प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी सुचवली. १९३८ मध्ये हर्बर्ट कोपलंड यांनी केंद्रक नसलेल्या जीवाणूंना वेगळे करून चार सृष्टी केल्या. १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले परिस्थितिशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. महाराष्ट्रातल्या इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच पाठात हे वर्गीकरण आहे, आणि दोन-तीन पिढ्यांना तेच ठाऊक आहे.

व्हिटाकर यांची मुख्य कसोटी जन्माची नव्हती, पोटाची होती. वनस्पती उजेडातून अन्न करते, प्राणी गिळतो, कवक आपले पाचकरस बाहेर सोडून विरघळलेले अन्न शोषून घेते. या एका विचाराने बुरशीला लिनियसच्या वनस्पतिराज्यातून मोकळे केले. मोठीच गोष्ट होती ती. पण डावणीचे काय? तीही धागे पसरून शोषूनच खाते. म्हणून व्हिटाकर यांनी तिला कवकसृष्टीतच ठेवले, दोन कशाभिकांचा म्हणून एक उपविभाग करून. पाठ्यपुस्तकातल्या सुटसुटीत तक्त्यात हा उपविभाग सहसा येत नाही, त्यामुळे व्हिटाकर यांनाही इथे शिवण मारावी लागली होती हे वाचकाला कळत नाही. लिन मार्ग्युलिस यांनी ती शिवण उसवली. कशाभिका असलेल्या साऱ्या तथाकथित कवकांना त्यांनी प्रोटिस्टांच्या सृष्टीत नेले. १९८१ मध्ये टॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी तपकिरी शैवाले, डायटम आणि केवड्याचा गट यांची मिळून क्रोमिस्टा ही निराळी सृष्टी सुचवली.

रेणूंची साक्ष

तोवर साक्षीदार बदलले होते. प्रत्येक जिवाच्या पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात. त्यांतला आरएनए सर्व जिवांत असल्यामुळे आणि फार सावकाश बदलत असल्यामुळे त्याच्या अक्षरमालेवरून वंशावळ काढता येते. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रीतीने दाखवले की जीवाणूंसारखे दिसणारे काही जीव जीवाणू नाहीतच. त्यांना पुढे आर्किया म्हटले गेले, आणि १९९० मध्ये वोज व सहकाऱ्यांनी सृष्टींच्याही वर तीन अधिक्षेत्रे मांडली: जीवाणू, आर्किया आणि केंद्रकधारी.

ही गोष्ट दूरची वाटत असेल तर जून २०२० आठवावा. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, छायाचित्रे घरोघरी पोचली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. नमुने तपासायला गेले त्यांत पुण्याची आघारकर संशोधन संस्था होती, म्हणजेच १९४६ मध्ये स्थापन झालेली ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. निष्कर्ष निघाला की पाणी आटून खारटपणा वाढल्यावर लवणप्रिय आर्किया माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. आठवीच्या तक्त्यातल्या पाच सृष्टींत या जिवांना स्वतंत्र घर नाही. आपल्याच राज्यातल्या सरोवराचा रंग समजायला त्या तक्त्याबाहेर जावे लागले.

केवड्याच्या गटाची साक्ष १९८७ मध्ये झाली. ॲक्लिया या त्याच गटातल्या जिवाचा आरएनए वाचला तेव्हा तो बुरशीशी जुळला नाही, सोनेरी शैवालाशी जुळला. प्रिंग्सहाइमचे निरीक्षण सव्वाशे वर्षांनी खरे ठरले. १९९३ मध्ये प्राणी आणि खऱ्या बुरशा एकाच फांदीवर असल्याचे पुरावे पुढे आले. धागेदार देह आणि शोषून खाण्याची रीत हा वंशाचा पुरावा नव्हताच. एकाच धंद्यात पडलेल्या दोन परक्या घराण्यांनी तीच हत्यारे स्वतंत्रपणे घडवली होती.

चुकीच्या घराची किंमत

आता बागेत परत येऊ. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असते, तेच जे खेकड्याच्या कवचात आणि किड्याच्या पंखात असते. केवड्याच्या पेशीभित्तीत मुख्यत्वे सेल्युलोज आणि त्याच्या जातीची द्रव्ये. खऱ्या बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते आणि ती ते स्वतः बनवते. केवड्याचा गट ते बनवत नाही. हेक्झाकोनॅझोलसारखी ट्रायझोल गटातली औषधे नेमकी एर्गोस्टेरॉलची बांधणी थांबवतात. भुरीवर ती लागू पडतात. डावणीवर त्यांचे काही चालत नाही, कारण जी भट्टी विझवायची ती तिच्याकडे नाहीच. उलट डायमेथोमॉर्फ किंवा मँडीप्रोपॅमिड सेल्युलोजच्या बांधणीवर घाव घालतात. ती डावणीवर चालतात, भुरीला त्यांचे सुखदुःख नाही. बाजरीच्या बियाण्याला गोसाव्यासाठी किलोमागे ६ ग्रॅम चोळायला सांगतात ते मेटॅलॅक्झील केवड्याच्या गटातच काम करते. तांबे, मॅन्कोझेब यांसारखी जुनी औषधे पेशीत अनेक ठिकाणी मारा करतात म्हणून दोन्हीकडे उपयोगी पडतात. बोर्डो मिश्रणाला सृष्टी विचारावी लागत नाही.

परंतु पावसाच्या चार दिवसांत चुकीची फवारणी झाली तर औषधाचे पैसे जातात, मजुरी जाते, मालावर अवशेष उरतो आणि रोग पुढे सरकतो. यात सगळ्यांत महाग असतात ते गेलेले चार दिवस.

डोळ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पिथियम इन्सिडिओसम हा केवड्याच्याच गोतावळ्यातला, पाण्यात राहणारा जीव माणसाच्या बुबुळात शिरतो. चिखल, शेततळे, साचलेले पाणी यांशी संबंध येणाऱ्यांना त्याचा धोका असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धागे बुरशीसारखे दिसतात, म्हणून बुरशीवरचे नेहमीचे नाटामायसिन दिले जाते. ते एर्गोस्टेरॉलला चिकटून काम करणारे औषध. ते चिकटणार कशाला? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसह देशातल्या डॉक्टरांनी गेल्या दशकभरात हा रोग वेगळा ओळखून लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही जीवाणूंवरची औषधे वापरायला सुरुवात केली. इथे सृष्टी चुकली तर बुबुळ बदलायची वेळ येते, कधी डोळाही जातो.

एर्गोस्टेरॉलला धरणाऱ्या औषधांत आपल्याकडचेही एक नाव आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी शोधलेले हॅमायसिन. ज्या जिवापासून ते मिळाले त्याचे नाव पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. आणि या स्ट्रेप्टोमायसीसलाही एके काळी 'किरण-कवके' म्हणून बुरशीतच गणत. नावाच्या शेवटी अजून बुरशीचा ग्रीक शब्द आहे. आज तो जीवाणू आहे. एका सृष्टीतून हद्दपार झालेल्याने त्याच सृष्टीवरचे औषध दिले.

नाव कोणते राखायचे

सृष्टी इतक्यांदा बदलत असतील तर त्या पाठ तरी कशाला करायच्या, असे कोणी विचारील. नामकरणाचे नियम करणाऱ्यांनी व्यवहारी वाट काढली आहे. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे नाव २०११ मध्ये मेलबर्नला बदलले आणि ती 'शैवाले, कवके आणि वनस्पती' यांची संहिता झाली. केवड्याचा जीव कुठल्याही सृष्टीत गेला तरी त्याच्या नावाचे दप्तर तिथेच राहिले. दप्तर आणि वंश या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

मराठीतही तसे करता येईल. आपल्या बागेतल्या शब्दांकडे पाहा. कृषी सेवा केंद्रात कोणी नुसते 'बुरशीचे औषध द्या' म्हणत नाही. 'डावणीचे द्या', 'भुरीचे द्या' असेच मागतात. भुरीला वाहते पाणी लागत नाही, ढगाळ आणि दमट हवा पुरते. डावणीला पान ओले लागते, हे बागायतदाराला पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. ओल्या पानाची अट का, तर चर बीजाणूला पर्णरंध्रापर्यंत पोहत जायचे असते. कुलकर्ण्यांनी थेंबात पाहिले तेच हे. म्हणजे शेतकऱ्याची दोन नावे दोन सृष्टींची सीमा बरोबर सांभाळून आहेत. ती पुसली गेली ती 'बुरशीजन्य' या एका छापील शब्दाने.

केवडा, डावणी, गोसावी हे शब्द राहू द्यावेत. त्यांना कोणत्याच सृष्टीचा दावा नाही, म्हणून ते चुकतही नाहीत. बदलायचे ते एवढेच: पत्रकांत आणि पाठ्यपुस्तकांत या गटापुढचा 'बुरशी' हा शब्द काढून 'शैवालवंशी' असे काही लिहावे, आणि औषधाच्या बाटलीवर ते भुरीच्या घराण्याचे की डावणीच्या, हे मराठीत मोठ्या अक्षरांत छापावे. परतीच्या पावसात, संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत निर्णय घ्यावा लागणाऱ्या माणसाला त्या एका शब्दाचा उपयोग होईल.